वाकलेल्या पाठी, ताठ समजुती

आषाढातील एक दुपार. तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या बाजूला, भातखाचरांत लावणीची घाई चालली होती. पाऊस असा की समोरचा डोंगर दिसू नये. कुणी इरले, कुणी प्लॅस्टिकचा कागद पाठीवर घेऊन बायका ओळीने वाकल्या होत्या. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने चिखलात रोप खोवायचे आणि एक पाऊल मागे सरायचे, अशी त्यांची लय अखंड चालली होती. बांधावरच्या झाडाखाली मात्र एक स्त्री कमरेला रुंद पट्टा आवळून नुसती बसून होती. खाचर तिचेच होते.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे ते आजोळ. त्या घरातील ही मामी. वय पंचेचाळिशीचे. आम्ही विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, "चार वर्षं झाली फादर. मणक्यात गॅप हाय. वाकलं तर गादी सरकंल अन् पाय जातील, असं सांगितलंय. म्हणून वाकत न्हाई. घागर उचलत न्हाई. नातवाला पण उचलून घेतलं न्हाई अजून."

आम्ही काय बोललो, ते आज लिहिताना संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "ताई, तज्ज्ञांनी सांगितले आहे, तर जपायलाच हवे. देवाने दिलेले दुखणे शांतपणे सोसा." असे म्हणून आम्ही तिला आशीर्वाद दिला आणि समाधानाने परतलो.

त्या एका वाक्यात आमच्या दोन चुका होत्या. त्या आम्हाला पुढे कळल्या, आणि त्या कळवून देणारी व्यक्ती वयाने आमच्याहून निम्मी होती.

भोर परिसरात काम करणारी ती एक तरुण फिजिओथेरपिस्ट. आमच्या परिचयातील कुटुंबातली. मामीवर सुरुवातीला काही आठवडे तिनेच उपचार केले होते. एका संध्याकाळी ती भेटायला आली. चेहरा उतरलेला. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ती काही महिने संगणकासमोर बसून कंबरदुखीविषयीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम करीत होती. तो पूर्ण झाला होता. प्रमाणपत्रही हाती आले होते. "फादर," ती म्हणाली, "गेली सहा वर्षं मी लोकांना सांगत आले, वाकू नका, उचलू नका, तुमचा मणका नाजूक झालाय. मला तसंच शिकवलं होतं. आता कळतंय की त्या शब्दांनीच कितीतरी जण आजारी राहिले असतील. मी खोटं बोलले नाही. पण मग त्या माणसांचं काय?"

हा प्रश्न वैद्यकाचा नाही, नीतिशास्त्राचा आहे. माणूस आपल्या समजुतींना जबाबदार असतो काय? प्रामाणिकपणे बाळगलेली चुकीची समजूत दुसऱ्याच्या अंगावर ओरखडा काढून गेली, तर तो दोष कोणाचा? या प्रश्नाचा विचार वाचकांसोबत करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

कंबरेविषयी आज काय ठाऊक आहे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कंबरदुखी हे जगात सर्वाधिक लोकांना अपंगत्वाकडे नेणारे दुखणे आहे. 2020 साली जगभरातील सुमारे 61 कोटी 90 लाख माणसे त्याने ग्रासलेली होती. 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. यांतील बहुसंख्यांच्या, म्हणजे साधारण दहांपैकी नऊ जणांच्या दुखण्यामागे कोणताही गंभीर आजार किंवा मोडतोड दाखवता येत नाही.

"पण एमआरआयमध्ये तर गादी झिजलेली दिसली!" असे कोणी म्हणेल. दिसते खरी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा सुमारे तीन हजार माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतील 37 टक्के, पन्नाशीतील 80 टक्के आणि ऐंशीच्या घरातील 96 टक्के निरोगी माणसांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत, कातडीला सुरकुत्या पडाव्यात, तसेच हे आतले पिकणे. मामीच्या मणक्यातील 'गॅप' हा शब्द ज्या चित्रावरून आला, तसेच चित्र बांधाखाली वाकून लावणी करणाऱ्या तिच्या कित्येक जावा-नणंदांच्या पाठीतही सापडले असते. फरक इतकाच की त्यांना ते कोणी दाखवले नव्हते.

विश्रांतीचेही तसेच. एके काळी कंबर धरली की आठवडाभर अंथरुण धरायचे, हाच औषधोपचार समजला जाई. 1986 साली अमेरिकेत दोन दिवसांची व सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली. जास्त झोपून कोणाचे काही जास्त बरे झाले नाही. कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. 1995 साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, सोसवेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे हे झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दुखणे नीट समजावून सांगणे व व्यायाम यांवर भर आहे, आणि कमरेचा पट्टा नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. कंबरदुखीसोबत ताप येणे, वजन घटणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, मोठा अपघात झालेला असणे किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणे, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे तातडीने गेलेच पाहिजे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोगही होतो, हे विसरून चालणार नाही. आम्ही बोलतो आहोत ते उरलेल्या फार मोठ्या समुदायाविषयी.

समजुतीचा संसर्ग

आमच्या लहानपणी खेड्यात कोणाला उसण भरली, तर पायाळू माणूस शोधून आणीत. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी श्रद्धा. सुशिक्षित माणूस आज हे ऐकून हसेल. परंतु त्या श्रद्धेत एक गोष्ट होती: पाय लावून झाल्यावर रोगी उठून कामाला लागे. आमच्या आधुनिक शब्दांनी कित्येकदा उलटे केले. 'गादी सरकली', 'नस दबली', 'मणका झिजला' हे शब्द शास्त्राचा पोशाख घालून आले आणि माणसाला बसवून गेले.

हे केवळ आमचे मत नव्हे. न्यूझीलंडमधील संशोधकांनी कंबरदुखीच्या रुग्णांशी सविस्तर बोलून 2013 साली दाखवून दिले की उपचारकाने एकदा उच्चारलेले वाक्य रुग्ण वर्षानुवर्षे बाळगतो. पाठ ही जपून ठेवण्याची नाजूक वस्तू आहे ही भीती त्यातून रुजू शकते. आणि धीराचा शब्दही तितकाच टिकतो. उपचारक स्वतः हालचालीला भीत असेल तर त्याचे रुग्णही भितात. थोडक्यात, समजूत ही स्पर्शजन्य आहे.

याहून विचार करायला लावणारा प्रयोग स्पेनमध्ये झाला. 2011 साली तो प्रसिद्ध झाला. भावी उपचारकांच्या एका गटाला कंबरदुखीत शरीराबरोबर मन, भीती, काम व घर यांचाही विचार कसा करावा हे शिकवले. दुसऱ्या गटाला फक्त हाडे, स्नायू आणि त्यांतील बिघाड शिकवला. पहिल्या गटाची भीती कमी झाली व त्यांचा सल्ला सुधारला. दुसऱ्या गटाची भीती शिकल्यावर वाढली आणि रुग्णांना दिलेला सल्ला अधिक बंधने घालणारा झाला. म्हणजे दुसऱ्या गटाला शिकवलेले खोटे नव्हते, अपुरे होते. आणि अपुऱ्या ज्ञानानेही इजा झाली.

चुकीच्या समजुतीचा दोष

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा सद्सद्विवेकबुद्धीवरील विचार शिकवला गेला. चुकलेली सद्सद्विवेकबुद्धीसुद्धा माणसाला बांधील असते, असे ते मानतात. जे आपल्याला योग्य वाटते त्याविरुद्ध वागणे हे अयोग्यच. परंतु तेवढ्याने तो दोषमुक्त होतो काय? ते म्हणतात, अज्ञान कशामुळे आले ते पाहावे लागेल. जे अज्ञान दूर करणे हातात नव्हते, ते क्षम्य. जे आळसाने किंवा सोयीसाठी राखून ठेवले, ते क्षम्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हाच भेद पुन्हा मांडला: अजाणता चुकलेल्या सद्सद्विवेकबुद्धीची प्रतिष्ठा जात नाही, पण सत्य शोधण्याची तसदीच न घेणाऱ्याला हा आधार घेता येत नाही.

इंग्लंडमधील विल्यम क्लिफर्ड हा श्रद्धावान नव्हता. तरी 1877 साली त्याने दिलेले उदाहरण आम्हा श्रद्धावंतांनाही टोचावे असे आहे. एक जहाजमालक आपले जुने जहाज प्रवाशांनी भरून पाठवणार असतो. जहाजाविषयी त्याला शंका येते. पण आजवर ते सुखरूप परतले आहे, देव पाठीराखा आहे, असे म्हणत तो शंका दाबतो आणि अखेर प्रामाणिकपणे निश्चिंत होतो. जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की मालकाचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज बुडाले नसते, तरीही तो दोषीच राहिला असता.

या दोन्ही विचारांच्या प्रकाशात आम्ही त्या मुलीला म्हणालो, "अगं, जे तुला कोणी शिकवलेच नव्हते त्याचा भार तू घेऊ नकोस. ते अज्ञान तुझ्या हातातले नव्हते. पण आज ते तुझ्या हातातले झाले आहे. अभ्यासक्रम संपल्या दिवसापासून तुझी जबाबदारी सुरू झाली."

तिने लगेच विचारले, "म्हणजे परत जाऊन सांगायचं? 'मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं', असं? मग माझ्यावर विश्वास कोण ठेवील?"

खरी अडचण ही होती. नवे शिकण्यापेक्षा, आपण चुकलो होतो असे रुग्णासमोर म्हणणे कठीण. ज्याच्या नावापुढे तज्ज्ञ ही उपाधी लागली, त्याला तर ते फारच कठीण. मग तो फिजिओथेरपिस्ट असो, शिक्षक असो वा धर्मगुरू.

पडद्यावरून मन बदलते काय?

आमच्या पिढीला संगणकावरील शिक्षणाविषयी संशय असतो. गुरूच्या सहवासाशिवाय विद्या कसली? या संशयात तथ्य आहे, तसाच थोडा अहंकारही. भोर किंवा वेल्ह्यासारख्या डोंगरी भागात काम करणाऱ्या उपचारकाने पुण्या-मुंबईच्या परिषदांना जायचे म्हटले, तर दिवसाची कमाई आणि रांगेतले रुग्ण दोन्ही सोडावे लागतात. जगातील उत्तम शिक्षक रात्री नऊनंतर तिच्या घरी येऊन बसतो, ही या काळाची मोठी देणगी आहे. समोरासमोर न भेटताही समाजाची समजूत पालटते याचा दाखला जुनाच आहे: ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात 1997 पासून दूरचित्रवाणीवरून 'पाठ दुखली तरी हिंडतेफिरते राहा' असा प्रचार झाला. लोकांच्याच नव्हे तर डॉक्टरांच्याही धारणा बदलल्या आणि पाठदुखीच्या नुकसानभरपाईचे दावे घटले.

परंतु मर्यादाही ओळखावी. उपचारकांच्या धारणा मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. फिजिओथेरपिस्टांसाठीची एक नेदरलँड्समध्ये 2003 साली पुढे आली. अभ्यासक्रमाआधी व नंतर ती भरून घेतली की कागदावरचे उत्तर बदललेले दिसते. खोलीत रुग्ण आल्यावर जिभेवर येणारा शब्द मात्र इतक्या सहज बदलत नाही. जुनी सवय पुढे येते, रुग्णही पट्ट्याचीच मागणी करतो, आणि घाईच्या वेळी 'जपून राहा' हे सांगणे सोपे असते. पडद्यावर समजूत सैल होते. ती खरोखर पालटते ती त्या रुग्णासमोर, जिथे नव्या समजुतीप्रमाणे वागण्याचा धोका पत्करावा लागतो. आम्ही दर रविवारी प्रवचन करतो; ऐकणे आणि जगणे यांतील अंतर आम्हाला वेगळे सांगायला नको!

अठरा वर्षे वाकलेली स्त्री

संत लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेली, मुळीच सरळ उभी राहू न शकणारी एक स्त्री आहे. हा प्रसंग आम्ही कितीदा वाचला असेल; त्या संध्याकाळनंतर तो निराळ्या प्रकाशात दिसला. प्रभू येशू तिला पाहतो, जवळ बोलावतो, आणि आधी शब्द उच्चारतो की तू आजारातून मोकळी झाली आहेस. हात ठेवतो तो नंतर. शब्द आधी, स्पर्श मागून. आणि लोकांसमोर तो तिला अब्राहामाची कन्या म्हणून गौरवतो. तिच्या आजाराच्या नावाने तिची ओळख करून देत नाही.

त्याच प्रसंगात आणखी एक आखडलेला माणूस आहे: सभास्थानाचा अधिकारी. त्याचा कणा ताठ आहे, समजूत त्याहून ताठ. शब्बाथच्या दिवशी बरे करायचे नाही, हा त्याचा नियम. तो दुष्ट नसावा. त्यालाही तसेच शिकवले होते. पण डोळ्यांदेखत एक स्त्री सरळ उभी राहून देवाची स्तुती करीत असताना त्याला नियम तपासावासा वाटला नाही. त्या दिवशी सभास्थानात वाकलेली स्त्री मोकळी झाली. ताठ माणसाचे काय झाले, ते लूक सांगत नाही. कदाचित ते उत्तर प्रत्येक तज्ज्ञाने स्वतः द्यायचे असावे.

दुःख सोसणे आणि दुःख हलके करणे

या विचाराचा विपर्यास होऊ नये, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, समजुतीने दुखणे वाढते याचा अर्थ दुखणे काल्पनिक असते असा नाही. मामीची वेदना खरीच होती. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे दुखणाऱ्याला सांगणे ही दुसरी क्रूरता होय. दोन, 'वाकल्याने पाठ मोडत नाही' हे सत्य कोणी मजुरांना अधिक राबवण्यासाठी वापरू नये. आठ-आठ तास चिखलात वाकून परतल्यावर पाणी, सरपण आणि चूल त्याच बाईच्या वाट्याला येत असेल, तर तिथे व्यायामापेक्षा घरातील पुरुषांनी घागर उचलणे हा मोठा उपचार ठरेल. न्यायाची जागा धीराच्या शब्दाला घेता येत नाही.

आणि आमची स्वतःची चूक? पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1984 साली मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितपत्र लिहिले. दुःखाला ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडता येते, असे ते सांगतातच. पण त्याच पत्रात ते चांगल्या शोमरोन्याकडे वळतात आणि दुसऱ्याच्या दुःखापाशी थांबून ते हलके करणे हे आपले कर्तव्य ठरवतात. आम्ही मामीला पहिला अर्धा भाग सांगितला व दुसरा विसरलो. जे दुःख टाळता येण्याजोगे आहे ते देवाच्या नावावर मांडणे, हा देवाविषयीचा चुकीचा निर्वाळा आहे. तोही आम्ही तज्ज्ञाच्या सुरात दिला.

पुढची हकीकत थोडक्यात. त्या मुलीने धीर केला. एका रविवारी ती आणि आम्ही मिळून वेल्ह्याच्या त्या घरी गेलो. ओसरीवर बसून ती म्हणाली, "मावशी, चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला जे सांगितलं, ते चुकलं होतं. तुमची पाठ मोडलेली नाही. तिला हळूहळू कामाची सवय लावू या." मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चार वर्षं गेली की गं पोरी!" त्या वाक्यावर उत्तर नव्हते, मुलीने दिलेही नाही. ती तिथेच मान खाली घालून बसून राहिली. आम्हीही आमच्या वाटची क्षमा मागितली.

चमत्कार काही झाला नाही. आधी रिकामी घागर, मग अर्धी. परसातले वाकणे, मग बांधापर्यंतचे. मधे दोनदा कंबर धरली, भीती परतली, मुलगी पुन्हा गेली. पुढल्या आषाढात मामीने खाचरात दोन ओळी लावल्या आणि दमून बांधावर बसली. कंबर दुखतच होती. पट्टा घरात खुंटीला होता आणि नातू तिच्या मांडीवर.

वाचकहो, आपण सगळेच कुणाचे तरी उपचारक असतो. 'तुला जमायचे नाही', 'तुझ्या नशिबातच हे', असे शब्द आपण मुलांच्या, सुनांच्या, म्हाताऱ्या आईवडिलांच्या पाठीवर पट्ट्यासारखे आवळत असतो, तेही प्रेमाने. आज रात्री सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी करताना इतकेच विचारू या: माझ्या कोणत्या खात्रीमुळे कोण बांधावर बसून राहिले आहे? उत्तर सापडले, तर त्या घरी जाऊन यावे. उशीर झालेला असेल, तरीही.